अहिरे मॅडम आणि माझी अडलेली कादंबरी

यंत्राचं वर्णन आलं, की अहिरे मॅडम दोन-तीन पानं एकदम उलटायच्या. कोथरूडला आमच्या बँकेच्या शाखेत त्या माझ्या शेजारच्या काउंटरवर बसत आणि जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात विज्ञान कादंबऱ्या वाचत. यंत्रंच गाळायची तर असली पुस्तकं वाचायची कशाला, असं मी एकदा विचारलं. चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "यानाचं दार कसं उघडतं हे कळून मला काय करायचंय? मी काय तिथे शिपाई म्हणून लागणार आहे?"

त्यांच्या आवडीचा मला कधी थांग लागला नाही. एका लेखकाची भाषा साधी, म्हणून त्या आठवडाभर त्याचं कौतुक करत होत्या. मी हौसेने त्याचंच दुसरं पुस्तक आणून दिलं, तर भाषा रेशनकार्डासारखी सपाट आहे म्हणून परत केलं. शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा बाई हरखून जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी ते आम्हा सगळ्यांच्या आधी शिकून घेतले आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्याच सुमारास मी स्वतः एक विज्ञान कादंबरी लिहून काढली होती. एकट्या आईला मागे ठेवून दूरच्या ग्रहावर निघालेल्या तरुण इंजिनिअरची गोष्ट. मॅडम 'बरी आहे' म्हणाल्याशिवाय ती प्रकाशकाकडे द्यायचा मला धीर नव्हता. त्यांचा एकुलता एक मुलगा नुकताच सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेला होता. तरी त्यांनी चार दिवसांत वाचून दिली.

"यान छान उडतं," त्या म्हणाल्या. "पण आईला तुम्ही दोन ओळींत उरकलंत. पोरगा गेल्यावर ती करते काय?"

"काय करते?" मी विचारलं.

"मला काय विचारता? लेखक आपण."

त्या गोष्टीतल्या आईबद्दल बोलत होत्या की स्वतःबद्दल, हे मला कळलं नाही आणि विचारायचं धाडसही झालं नाही. पुढे त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मी मात्र कित्येक महिने खपून आईचं नवं प्रकरण लिहिलं आणि एका रविवारी ते घेऊन धायरीला त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं.

"बाई गेल्या की पोराकडं, अमेरिकेला," शेजारच्या आजी म्हणाल्या. "आता तिकडंच ऱ्हाणार हायेत."

खुशीत होत्या का, असं मी विचारलं.

"हसत बी व्हत्या, डोळं बी पुसत व्हत्या. आपल्याला काय कळतंय?"

माझ्या प्रकरणातली आई मुलाने कितीही बोलावलं तरी पृथ्वी सोडत नाही. सगळ्या कादंबरीत मला तेवढंच खरं वाटलं होतं. आता ते फाडावं की ठेवावं, काही सुचेना. मॅडमचा राग आला, आणि त्यांच्या बंद दारात उभं राहून फार एकटंही वाटलं. विचारायचं ते ज्यांना, त्याच निघून गेल्या होत्या.

कादंबरी अजून माझ्याकडेच आहे.