त्रेचाळीस शुभचिंतक

"दाबलं तर उघडून नाही राहिलं, मॅडम!"

सकाळपासून दिवाकरभाऊंचा हा चौथा फोन होता. पहिल्या फोनला मी समजावून सांगितलं, दुसऱ्याला पुन्हा सांगितलं आणि तिसरा उचललाच नाही.

"उघडणार नाही भाऊ. मी मुद्दाम तसं केलंय. नावं ठेवली, लिंक काढल्या."

"पण मारोतरावांचं नाव मी स्वतः दाबून पाहिलं. काहीच होत नाही. त्यांनी दाबलं तर त्यांना का वाटंन?"

मी नागपूरच्या बेसा भागातल्या घरात पुढच्या खोलीत बसून एसईओचं काम करते. लोक मोबाईलवर काही शोधतात तेव्हा तुमची वेबसाइट यादीत वर यावी, यासाठी करायची ही खटपट. बारा वर्षं झाली. सर्च इंजिनने मला फारसा त्रास दिलेला नाही. त्रास देतात ती माणसं, आणि त्यातही वेबसाइटच्या मालकांचे नातेवाईक.

हे प्रकरण आलं शोभाताईंमुळे. त्या दिवाकरभाऊंची धाकटी बहीण. धंतोलीत दवाखान्यांच्या गर्दीत एका इमारतीचा दुसरा आणि तिसरा मजला भाड्याने घेऊन त्या 'सोबत निवास' चालवतात. चौदा खोल्या. यवतमाळ, गडचिरोली, गोंदियाहून पेशंट घेऊन आलेले घरचे लोक तिथे राहतात. प्रत्येक खोलीत गॅस, दोन भांडी, पोळपाट-लाटणं. पेशंटला घरचं वरण-भात करून नेता येतं. नवरा गेल्यावर ताईंनी हे एकटीनं उभं केलं, आणि चांगलं उभं केलं.

माझ्यासमोर बसल्या तेव्हा मात्र त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मॅडम, आधी फोन ठेवला की दुसरा वाजे. आता दिवसभर वाजत नाही. चौदातल्या तीन खोल्यांत माणसं आहेत. इमारतीचा मालक म्हणते, दिवाळीपर्यंत पाहतो, नाहीतर दोन्ही मजले पॅथॉलॉजी लॅबले देतो."

"मग तुम्ही?"

"मी कळमेश्वरले दादाकडे. दादा चांगला आहे हो माझा. वहिनीही चांगली आहे. पण चार दिवसांची पाहुणी वेगळी आणि कायमची वेगळी."

मी लॅपटॉप उघडला. दिवाळीला चार महिने होते.

'धंतोली', 'खोली', 'पेशंटचे नातेवाईक' असे सगळे शब्द घालून शोधून पाहिलं. पहिल्या पानावर नाही, पाचव्यावर नाही, दहाव्यावरही नाही. वेबसाइट जिवंत होती, पत्ता टाकला की उघडत होती, पण शोधणाऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. मग मी ती उघडून वाचली. वर लिहिलं होतं 'लक्झरी स्टे'. खाली पुन्हा 'लक्झरी स्टे'. मी मोजलं, एकाच पानावर एकोणीस वेळा. गिऱ्हाईक शोधताना जे शब्द वापरतं त्यांना कीवर्ड म्हणतात. आजारी आईला आर्णीहून घेऊन येणारा मुलगा 'लक्झरी' असं शोधेल, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, देव जाणे.

पण खरा प्रकार पानाच्या तळाशी होता. 'आमचे शुभचिंतक' अशा शीर्षकाखाली त्रेचाळीस नावं, आणि प्रत्येक नाव दाबलं की त्या त्या माणसाच्या दुकानाची वेबसाइट उघडायची. कृषी केंद्र, टाइल्स, मंगल कार्यालय, बोअरवेल, ट्रॅक्टरचे सुटे भाग. आणि त्या प्रत्येक वेबसाइटच्या तळाशी पुन्हा तेच त्रेचाळीस शुभचिंतक.

नागपुरात चौकात फ्लेक्स लागला की खाली शुभेच्छुकांची रांग असते. कुणाचं नाव राहिलं तर तो माणूस वर्षभर बोलत नाही. दिवाकरभाऊंनी तोच फ्लेक्स वेबसाइटवर चढवला होता. त्यांचा कळमेश्वरच्या एमआयडीसीत लोखंडी गेट आणि शेडचा कारखाना. त्यांच्या मित्रपरिवाराने एकत्र येऊन एकाच डिझायनरकडून सगळ्यांच्या वेबसाइट बनवून घेतल्या आणि ठरवलं, तू माझं नाव टाक, मी तुझं टाकतो. बहिणीची वेबसाइट त्यांनी स्वतःहून, प्रेमाने त्यात घातली.

लिंक म्हणजे एका वेबसाइटवरून दुसरीकडे जायचा रस्ता. एखाद्याने आपणहून तुमच्याकडे रस्ता काढून दिला, तर सर्च इंजिन समजतं, इथे काहीतरी कामाचं आहे. पण चाळीस-पन्नास जण ठरवून एकमेकांकडे बोट दाखवायला लागले, तर ते त्याला फसवणूक समजतं आणि शिक्षा करतं. आमच्या धंद्यात तिला मॅन्युअल ॲक्शन म्हणतात. तशी नोटीसही आलेली होती, पाच महिन्यांपूर्वी. दिवाकरभाऊंच्या ईमेलवर.

"इंग्रजीत होती," ते म्हणाले. "मले वाटलं जाहिरात असंन."

मी कपाळावर हात मारला. फोनवर होतो, त्यांना दिसलं नाही.

"भाऊ, ही नावं काढावी लागतील."

"नावं? काहून?"

मी अर्धा तास समजावलं. ते ऐकत होते, मधून मधून 'हाव, हाव' म्हणत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं बरोबर आहे. पण टाकलेलं नाव काढता येत नाही ना. टाकलंच नसतं तर गोष्ट वेगळी. आता काढलं म्हणजे त्या माणसाले दारातून परत पाठवल्यासारखं होते."

म्हणून मी तडजोड केली. नावं तशीच ठेवायची, फक्त साधी अक्षरं म्हणून. दाबल्यावर कुठेही न जाणारी. मला वाटलं होतं, कुणाच्या लक्षात येणार आहे? दिवाकरभाऊंनी दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता त्रेचाळीसही नावं एकेक करून दाबली. त्या दिवशीचे चार फोन हे त्याचं फळ. संध्याकाळपर्यंत मित्रपरिवाराच्या ग्रुपवर बातमी पोचली. काटोलचे मारोतराव, कृषी केंद्रवाले, मोठं कुटुंब, मोठा आवाज. त्यांनी लिहिलं, 'आमचे नाव फक्त शोभेला ठेवले काय?' आणि ग्रुप सोडला.

मारोतरावांच्या वेबसाइटलाही तीच शिक्षा झालेली होती. तीही कुठे दिसत नव्हती. त्यांना पत्ताच नव्हता, कारण त्यांच्या दुकानात येणारा शेतकरी काही शोधून येत नाही, स्टँडवरून सरळ चालत येतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत बैठक झाली. भाऊ एका खुर्चीत, बहीण दुसरीत, मध्ये मी.

"लिंक परत टाका मॅडम," भाऊ म्हणाले. "मी मारोतरावांच्या पोरीच्या लग्नात पंगतीत वाढलं आहे. त्यांच्यासमोर मी कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

"मग तुमच्या बहिणीच्या खोल्या?"

"भरतीन ना. देव आहे."

माझा संताप संताप झाला. बारा वर्षांत मी देवाला कीवर्ड निवडताना पाहिलेलं नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शोभाताई बोलल्या. आवाज लहानच होता.

"दादा, एक विचारू का? या त्रेचाळीस जणांतून एकानं तरी आजपर्यंत एक पेशंट माझ्याकडे धाडला का?"

भाऊ पंख्याकडे पाहायला लागले.

"फोन करून विचारलं का कुणी, शोभा, तुझं कसं चालून राहिलं म्हणून?"

"तसं नसते वं..."

"मग कसं असते?" ताईंचे डोळे भरले होते. "तुझ्याकडे यायला मले लाज नाही दादा. पण हे मी उभं केलं आहे. ते कुणाच्या नावापायी बुडवू नको."

भाऊ माझ्याकडे वळून, जणू काही झालंच नाही असे म्हणाले, "पण मग मान कुठं द्यायचा त्यांना?"

मी वैतागून म्हणाले, "जिन्यात बोर्ड लावा! पेंटरला बोलवा आणि सगळी नावं लिहून घ्या. जिना काही सर्च इंजिन तपासत नाही."

मी हे चिडून म्हटलं होतं. दिवाकरभाऊंचा चेहरा एकदम उजळला. "बोर्ड पत्र्याचा करू. माझ्याकडे पत्रा आहे."

पुढचे आठ दिवस ते बोर्डात बुडाले आणि माझ्या वाटेतून बाजूला झाले, हे या कामातलं सर्वांत मोठं यश. क्रम कसा लावायचा, यावरून त्यांनी मलाही दोनदा विचारलं. शेवटी वयाप्रमाणे लावला. मारोतराव ग्रुप सोडून गेले असले तरी त्यांचं नाव भाऊंनी घातलंच.

दरम्यान मी शुभचिंतक मुळापासून उडवले. बाकीच्या वेबसाइटवरून ताईंकडे येणाऱ्या लिंक काढायला डिझायनरला सात मेल केले, उत्तर एकालाही नाही. मग सर्च इंजिनला एक फाईल पाठवावी लागते, 'या लिंक आमच्या खात्यात धरू नका' अशी. त्रेचाळीसही शुभचिंतक मी त्या फाईलमध्ये घातले. दिवाकरभाऊंना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही. शेवटी सर्च इंजिनच्या कंपनीला चूक कबूल करणारा अर्ज. त्यात 'सदर व्यक्ती आमच्या परिचयातील असून सज्जन आहेत' असं एक वाक्य टाका, असा भाऊंचा आग्रह होता. मी टाकलं नाही.

अर्जाचं उत्तर यायला आठवडे लागतात. त्या काळात मी 'सोबत'मध्ये जाऊन बसले. आठ-दहा जण भेटले. प्रत्येकाला एकच विचारलं, नागपूरला यायचं ठरल्यावर तुम्ही मोबाईलवर काय शोधलं?

"धंतोलीत रूम, स्वयंपाक करता येईन अशी," एक बाई म्हणाल्या.

"लिफ्ट आहे का ते पाहिलं," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "बुढीचा पाय प्लास्टरमधे आहे."

"दवाखान्यातून पायी किती दूर," तिसरा म्हणाला.

लक्झरी कुणीच म्हणालं नाही. मी वेबसाइट पुन्हा लिहिली. गॅस आहे. लिफ्ट आहे, स्ट्रेचर मात्र बसत नाही. पायी इतकी मिनिटं. फोटो काढले तेही पलंगाचे नाही, ओट्याचे. गडचिरोलीकडे एक डॉक्टरीणबाई आपल्या पेशंटसाठी नागपूरच्या माहितीचं एक पान चालवतात. त्यांना ताईंनी स्वतः फोन केला. बाईंनी आधी आपला माणूस पाठवून खोल्या पाहून घेतल्या आणि मगच लिंक दिली. ती एकच लिंक, पण त्रेचाळीसांना भारी पडली.

पहिला अर्ज फेटाळला गेला. एका पानावर चार शुभचिंतक शिल्लक राहिले होते, माझीच नजरचूक. मी स्वतःला शिव्या घालत पुन्हा अर्ज केला. दुसरा मंजूर झाला. मग हळूहळू फोन वाजायला लागला. आधी दिवसातून एक, मग तीन. दसऱ्याला बारा खोल्या भरल्या होत्या. इमारतीचा मालक येऊन गेला, जिन्यात उभा राहून बोर्ड वाचला, आणि लॅबवाल्याला नाही म्हणाला.

दिवाळीनंतर मी महिन्याच्या तपासणीला गेले होते. ताईंच्या टेबलाशी बसले असतानाच फोन आला. आवाज एवढा मोठा की मला सगळं ऐकू येत होतं.

"हॅलो, खोली भेटंन का? मिसेसले इथं ॲडमिट केलं आहे. गॅस पाहिजे, तिले बाहेरचं चालत नाही. नेटवर पहिला तुमचाच नंबर दिसला. मी काटोलहून आलो."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "मारोतकाका, मी शोभा बोलून राहिली. दिवाकरदादाची बहीण."

पलीकडचा आवाज एकदम हळू झाला, "तुझं लॉज धंतोलीत आहे का वं?"

चौदाही खोल्या भरलेल्या होत्या. ताईंनी ऑफिसमागची स्वतःची खोली रिकामी करून दिली. "या काका," एवढंच म्हणाल्या. मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला. मी असते तर निदान दहा मिनिटं सुनावलं असतं.

अर्ध्या तासाने मारोतराव पिशव्या घेऊन जिना चढले. थकलेले होते, डोळे लाल. बायकोची काळजी दिसत होती. बोर्डापाशी मात्र थांबले. चष्मा लावला, बोट वरून खाली फिरवत अकराव्या ओळीवर आले. मग माझ्याकडे वळले.

"तुम्हीच का त्या वर आणणाऱ्या मॅडम?"

"हो."

"मग मी अकरावा काहून?"

बारा वर्षांत मी पहिल्या नंबरची गॅरंटी कुणालाही दिलेली नाही. पत्र्याच्या बोर्डावर तर नाहीच नाही.