शनिवारची ड्युटी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला, सुनंदाला, तर नाहीच. तिलाच सांगायला हवं होतं, म्हणून नाही.

आईला अर्धांगाचा झटका आला आणि आम्ही तिला धुळ्याहून सिल्वासाला आणलं, आमलीतल्या आमच्या दोन खोल्यांत. उचलणं, पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं. सुरुवातीला तिघंही हसायचो. आई म्हणायची, "सूनबाई, या साहेबाला सांग, मी काही त्याच्या कंपनीतलं सुताचं रीळ नाही. हळू फिरव." मग हसू आटलं. वास उरला, आणि चिडचिड.

त्याच सुमारास कारखान्यात ताणमुक्तीवर व्याख्यान झालं. पाहुण्यांच्या गळ्यात हार, हातात माइक. घरच्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्याने आठवड्यातला एक दिवस स्वतःसाठी राखावा, असं ते म्हणाले. मागच्या रांगेत बसून मी त्यांची टर उडवली. पण त्यांचं ऐकलं ते बहुधा मी एकट्यानेच.

आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. घरी सांगितलं — ऑर्डरी वाढल्यात, आता शनिवारही चालू. गणवेश चढवायचा, सुनंदाने भरलेला डबा घ्यायचा आणि खानवेलच्या रस्त्याला सागाखाली गाडी लावून वाचायचं, झोपायचं. बरं वाटायचं — खोटं कशाला बोलू? आईशी पुन्हा नीट बोलायला लागलो. सुनंदाचा शनिवार कोणता? हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही, असं लिहिणार होतो. पडला होता.

कंपनीत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. म्हणून शनिवारीही मी तो बंद ठेवायचो — लबाडीतसुद्धा नियमाला धरून.

अशाच एका शनिवारी चादर बदलताना आई खाटेवरून पडली. शेजारीण धावून आली, ॲम्ब्युलन्स बोलावू म्हणाली. आई हात लावू देईना. "माझा लेक येईपर्यंत कोणी उचलायचं नाही मला." सुनंदा तिच्या डोक्याखाली उशी देऊन फरशीवर बसून राहिली. आणि मी? डबा खाऊन झोपलो होतो. जागा झालो तरी निघालो नाही — शिफ्ट सुटायच्या आधी घरी पोचलो असतो तर संशय आला असता.

दार उघडंच होतं. आई फरशीवर. मी पहिलं काय विचारलं असेल?

"गेटवर फोन केलास का?"

कुठे लागलं, हे नंतर. तिने फोन केला असता तर वॉचमन म्हणाला असता, साहब की तो आज छुट्टी है. मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही हो," सुनंदा म्हणाली. "म्हटलं, कामातून कशाला उठवायचं."

मला हायसं वाटलं. खुबा मोडलेली आई समोर पडलेली — आणि मला हायसं वाटलं.

आई त्यानंतर उठून बसली नाही. पावसाळा संपायच्या आत गेली. दहाव्याला सुनंदा तिच्या बहिणीशी बोलताना कानावर पडलं, "ह्यांनी आल्या आल्या तेच विचारलं गं. चुकलंच माझं. गेटवर फोन करायला हवा होता."

माझी भीती तिला ठपका म्हणून ऐकू आली होती. तो मी तिच्याकडेच राहू दिला. अजूनही जेवताना ती मध्येच थांबते. "केला असता फोन तर आई वाचल्या असत्या का हो?"

मी म्हणतो, "जाऊ दे. झालं ते झालं." मोठ्या मनाने माफ केल्यासारखं म्हणतो. ती मान खाली घालते आणि मला आणखी एक पोळी वाढते.