जुन्या साडीची झबली

एस्तेरमावशी गेल्याचं मला शेगावच्या स्टेशनवर कळलं. मुलीला गाडीत बसवून मी बाहेर येत होते आणि गल्लीतल्या पुष्पाचा फोन आला, "ताई, मावशी गेल्या... शिवणाच्या मशिनवरच मान टाकली." घरी मेहकरला पोचले तोवर तिला शवपेटीत ठेवलंही होतं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत तिला 'सोशिक भगिनी' म्हटलं, लोकांनी माना डोलावल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला काय सोसावं लागलं, हे तिथे कोणी विचारलं नाही. दीड महिन्यानंतर ते मी सांगते आहे. मन शांत झाल्यावर लिही, असं मुलगी म्हणाली होती. तेवढी वाट बघितली तर हा लेख कधीच व्हायचा नाही.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. ती ख्रिस्ती, आम्ही बौद्ध. तिच्याकडे रविवारी उपासना, आमच्याकडे पौर्णिमेला वंदना, आणि दोन्हीकडची खीर भिंतीवरून इकडून तिकडे. लग्न तिने केलं नाही, सारी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. संडे स्कूलमध्ये तिने शिकवलेला दानिएल मोठा होऊन मिशनच्या कामाला आफ्रिकेत गेला, मलावीतल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात, व्यवस्थापक म्हणून. बाकीच्यांनी हार घातले आणि विसरून गेले. मावशीने मात्र नकाशा आणून मलावी शोधलं आणि मशिनवरची धूळ झटकली. तिथे जन्मणाऱ्या लेकरांच्या अंगावर पहिलं झबलं आपल्या हातचं पडावं, एवढंच तिच्या मनात होतं. "त्यानं तिथं राहाचं, मी इथं शिवाचं," ती म्हणायची, "काम एकच हाय."

झबली अर्थातच जुन्या कापडाची. तान्ह्या बाळाला पहिलं कापड नवं घालायचं नसतं, हे आमच्याकडे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडंच त्या कातडीला मानवतं. मावशी घरोघर जाऊन जुन्या साड्या मागायची, सोडा घालून उकळायची, कडक उन्हात वाळवायची, आणि शिवण बाहेरच्या अंगाला घ्यायची, म्हणजे बाळाला टोचू नये. माझी आई गेली तेव्हा तिची वंदनेची पांढरी साडी मी कपाटात जपून ठेवली होती. मावशी म्हणाली, "वैशाली, कपाटात ठिवून माय भेटते काय? मले दे. पाच लेकरं निजतीन तिच्या कुशीत." दिली. पाच झबली झाली, त्यांना बंद लागले, पार्सल गेलं. आई मलावीत पाच बाळांना कुशीत घेऊन बसली आहे, असं मी नंतर कितीतरी दिवस मनाशी म्हणायचे.

मग दानिएल सुटीवर आला. चर्चमध्ये त्याचं भाषण होतं, पडद्यावर फोटो. मावशीने मला हाताला धरून दुसऱ्या बाकावर नेऊन बसवलं. फोटोतला दवाखाना नुसता लखलखत होता. दानिएल हसत म्हणाला, "आमच्या फरश्या इतक्या चकचकीत कशा, याचं गुपित मेहकरात आहे. एस्तेरमावशी जुन्या कापडाची पार्सलं पाठवतात ना! वापरलेला कपडा तिकडे बाळांना घालू देत नाहीत. पण पुसायला त्याच्यासारखं काही नाही." सगळे हसले. मावशीही हसली, पदर तोंडाला लावून. मी पडद्याकडे बघत होते. फोटोच्या कोपऱ्यात एक बादली होती. तिच्या काठावर पांढरं काहीतरी वाळत घातलेलं होतं... त्याला बंद होते.

घरी येताना मी म्हटलं, "मावशी, तोंडावर सांगा त्याला." ती म्हणाली, "काऊन? त्याले काय मालूम बाई यातलं. त्याच्या घरात लेकरू आलं का समजन. सोता मांगाले येईन, पाहाजो तू."

दुसऱ्या दिवसापासून मशिन पुन्हा सुरू झालं. पार्सल मात्र तिने परत कधी बांधलं नाही. झबली पत्र्याच्या ट्रंकेत जात राहिली, मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला. सकाळच्या प्रार्थनेत दानिएलचं नाव पहिलं असायचं, ते भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. त्याने एकदाही विचारलं नाही की मावशी, पार्सल का येत नाही. पुसायला दुसरं काही मिळालं असेल. आमच्या वंदनेत सगळ्या जिवांचं भलं चिंततात. मी त्यातून दानिएलला इतकी वर्षं न चुकता वगळलं आहे.

गेल्या आठवड्यात तो आला. मावशीच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. मी दार उघडलं, त्याला खुर्ची दिली, आणि दुसरी खुर्ची नाही म्हणून स्वतः ट्रंकेवर बसले. तो रडला. ते रडणं खरं होतं, मी नाकारत नाही. मग इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून गावची बोली निघाली. "ताई, माया पोरीले पोरगी झाली, पुण्याले. नवा कपडा घातला का आंगावर पुरळ येते तिच्या. मावशीच्या हातचं एखादं जुनं झबलं असन तर..."

हेच वाक्य ऐकायला मावशी थांबली होती. माझ्याखाली ट्रंक काठोकाठ भरलेली होती.

"नाही हो," मी म्हणाले. "एकही उरलं नाही. सगळी तुमच्या फरशीला गेली."

त्याचा चेहरा उतरला. "चुकलो, ताई..." म्हणाला. मी विचारलं, "चहा घेता?" तो नको म्हणाला आणि गेला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अजून वाटतं. हा लेखही तो वाचेलच, त्याने वाचावा म्हणूनच लिहिला आहे. ट्रंक भरलेली होती, हे त्याला आता कळेल.

रोज दुपारी मी मावशीचं घर उघडते आणि ट्रंकेवर बसते. समोर तिचं मशिन आहे. सुईखाली तिचं शेवटचं झबलं तसंच आहे, एक बंद लावायचा राहिलेला. दानिएलचं ते वाक्य पुरं व्हायच्या आत मावशी उठली असती, झाकण उघडून सगळ्यांत मऊ झबलं शोधायला लागली असती.

मी अजून उठलेले नाही.