भिंतीआडचं हसू

सलूनवाल्याची बायको नवऱ्याच्या हसण्यावर भाळली होती. रूपावर भाळावं असं रूप नव्हतंच. टकलू गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो आरशातून विचारायचा, "साहेब, भांग कुठे पाडू?" आणि गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच असा हसत सुटायचा की हातातला वस्तरा बाजूला ठेवावा लागे.

आता वस्तरा मुलाकडे गेला होता. बापाचा हात थरथरायचा, चेहरा भिंतीसारखा झाला होता. थरथरीचं तिला फार वाटत नसे. पण हौसेने काही सांगायला जावं, तर समोर ते मख्ख तोंड! 'मी नकोशी झाले की काय,' या शंकेने तिचा जीव टांगणीला लागला. दोनदा ती कडाकडा भांडलीसुद्धा. तोंड तसंच. एकटीने भांडायचं तरी किती?

शेवटी तिने डॉक्टरीणबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, "मेंदूत एका पेशीचा निरोप दुसरीला पोहोचवणारी रसायनं असतात. त्यातलं डोपामिन यांच्यात कमी पडलंय. 'हस' असा हुकूम सुटतो, पण चेहऱ्यापर्यंत नीट पोहोचत नाही."

"म्हणजे आतून हसू येतं ना त्यांना?"

"बहुधा. पण कधीकधी कशात गोडीच वाटेनाशी होते. त्यातही याच रसायनाचा हात असतो."

त्या 'बहुधा'ने तिचं डोकं पोखरलं. चेहरा गेला तर गेला, पण आतलं माणूसही गेलं असेल तर? त्या माणसासाठी तिचा जीव तुटत होता, आणि तो तर रोज शेजारीच बसलेला असायचा.

सुट्टीच्या दुपारी बंद दुकान झाडायला ती त्याला बरोबर घेऊन गेली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवून गळ्यात टॉवेल अडकवला. त्याच्या डोक्यावर आता नावालाही केस नव्हते. तिने कंगवा उचलला आणि आरशातून विचारलं, "बोला साहेब, भांग कुठे पाडू?"

आरशातला चेहरा हलला नाही. बऱ्याच वेळाने बारीक आवाज आला, "होता तिथेच पाडा. आठवणीने."

ती खो खो हसली. तो मात्र तसाच. हसता हसता तिचे डोळे भरून आले. गुपचूप टॉवेल सोडायला ती वाकली, तर टॉवेल गदगदत होता. हात तर त्या घडीला मांडीवर शांत होते.

"अहो, पोटात पण थरथर सुरू झाली की काय?"

"अगं, हसतोय."

तिने त्याच्या पोटावर तळवा ठेवला. आणखी दोन धक्के बसले.

"मेलं, आणि मी इतके दिवस तोंडाकडे बघत बसले!" ती म्हणाली. तळवा काही तिने उचलला नाही.