संकल्पाशिवाय कर नाही

पंचवटीतल्या अण्णांच्या कचेरीत कॉम्प्युटरशेजारी तांब्याचं ताम्हन आणि पळी असे. अण्णा करसल्लागार, पण घराणं रामकुंडावर भिक्षुकी करणारं. कर भरण्याआधी ते अशिलाच्या तळहातावर पळीभर पाणी घालत आणि म्हणत, "बोला, हा पैसा कुठं लागावा? संकल्पाशिवाय दान होत नाही." माणूस 'सरकारी दवाखान्याला' म्हणाला की पाणी ताम्हनात. मग वर्षभरात कधीतरी अण्णा स्कूटरवरून तो दवाखाना बघून येत आणि फोनवर कळवत, "इमारत झाली हो. डॉक्टरचा संकल्प कुणी केलेला दिसत नाही."

माझं पाणी पहिल्याच भेटीत उडालं. सातपूरला माझा पत्र्याचे सुटे भाग करायचा कारखाना, धाकट्या भावाबरोबर भागीदारीत. हमाली करून उभा केलेला. सरकारनं कंपन्यांचा कर कमी केला आणि भागीदारीवाल्यांना तसंच ठेवलं. मी भरल्या हाताची मूठ टेबलावर आपटली. "आम्ही काय घोडं मारलंय?"

"घोड्याचं राहू द्या, माझा कीबोर्ड मेला," अण्णा म्हणाले.

शेजारी एक मोठे कारखानदार बसले होते. समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, कर कमी झाला की आम्ही कारखाना वाढवतो. चार पोरांना काम मिळतं."

"आणि दारात नवी गाडी उभी राहिली ती? तीपण कामाला लावली का?" मी विचारलं.

अण्णांनी पळी त्यांच्याकडे वळवली. "सवलतीचाही संकल्प असतो, शेठ. हात पुढे करा." शेठना अचानक फोन आला. बोलत बोलत ते जिना उतरले.

"बघितलंत? म्हणून म्हणतो, सवलत मला द्यायला पाहिजे."

"मग तुम्हीही कंपनी करा. कागद मी करतो. पण आधी हात. सवलतीचं काय करणार?"

"नवं मशीन."

"स्वतःलाच दान? माणसं डबा कुठं खातात तुमची?"

"भंगाराच्या ढिगावर."

"त्यांना खोली बांधा."

"बाकडं देतो."

"खोली."

"बरं, खोली. पत्र्याची."

"पत्र्याखाली पंखा लागतो."

"पंखा पुढच्या वर्षी! लय ताणू नका, अण्णा."

"भिक्षुकाशी घासाघीस करताय? ठीक. एक पंखा, पुढच्या वर्षी. बघायला येईन." मी पाणी सोडलं.

कंपनी झाली, खोलीही झाली. अण्णा आले, माणसांबरोबर त्यांच्यातली भाकरी खाल्ली आणि घाम पुसत म्हणाले, "संकल्प चांगलाच भाजतोय हो." मला राग आला. ठरलं ते ठरलं! वर्ष व्हायच्या आत मी पंखा लावणार नव्हतो.

वर्ष व्हायच्या आत अण्णाच गेले. झोपेत.

दहाव्याला रामकुंडावर आम्ही रांगेनं तिलांजली देत होतो. गुरुजींनी माझ्या हातावर पाणी घातलं आणि आपसूक माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "दोन पंखे!"

गुरुजी बघतच राहिले. अण्णांचा मुलगा तेवढा रडता रडता हसला.

दोन्ही पंखे लावलेत. आयुष्यात मी आपणहून भाव वाढवला तो तेवढाच, आणि नेमका तो ऐकायला म्हातारा थांबला नाही. सरकारवरचा माझा राग कधीच निवला. म्हाताऱ्यावरचा मात्र अजून तसाच आहे.