साहेबांना हरायचं होतं

माझे भाऊजी कॅरम इतका वाईट खेळायचे की इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांचं नावच भोपळा पडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघं खेळायचो: भाऊजी, त्यांचा शाळेपासूनचा जिवलग इस्त्रीवाला, फाटक्या चादरी शिवणाऱ्या मावशी आणि मी. वाफेनं दमट झालेला बोर्ड पुसायचा आणि भोपळ्याची यथेच्छ टिंगल करायची, हा आमचा नेम. तेही पोट धरून हसायचे.

मग भाऊजी सुपरवायझर झाले. काचेची केबिन मिळाली, हात टेकायची खुर्ची मिळाली आणि कुणाची पाळी कुठं लावायची हेही त्यांच्या हाती आलं.

पहिल्याच दिवशी ते जिंकले. दुसऱ्या दिवशीही. एरवी सुईच्या नेढ्यातून जाईल असा मावशींचा नेम, पण आता त्यांचा स्ट्रायकर स्वतःच भोकात जाऊन पडू लागला. मी तर सख्खा मेहुणा, मला हरणं भागच होतं. आठवडाभरात भोपळ्याचा साहेब झाला आणि इस्त्रीवालासुद्धा "वा साहेब, काय शॉट!" म्हणू लागला.

भाऊजींना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना मनापासून वाईट वाटायचं. ते मुद्दाम वाकडं खेळायचे, तर आम्ही त्याहून वाकडं. एकदा अख्खी सुट्टी संपली तरी बोर्डावरची एक सोंगटी कमी होईना, कारण चौघंही जिवाच्या आकांतानं हरायला बसलो होतो. शेवटी भाऊजींनी स्ट्रायकर आपटला.

"तू तरी माणसासारखा खेळ रे," ते इस्त्रीवाल्याला म्हणाले. "मैत्री होती ना आपली?"

"आहे की."

"मग हरव मला."

इस्त्रीवाला भोळा. किंवा त्यालाही आपल्या मित्राची आठवण येत असावी. दोघंच समोरासमोर बसले. त्यानं बाह्या सरसावल्या आणि राणीसकट बोर्ड साफ केला. भाऊजींना एकही सोंगटी घेता आली नाही. "भोपळ्या, गाठ माझ्याशी आहे!" तो ओरडला. भाऊजींनी त्याला मिठी मारली, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी मी ताईकडेच जेवायला होतो. भाऊजींनी ताट तसंच सरकवलं.

"सगळ्यांदेखत भोपळ्या म्हणायची काय गरज होती?"

"तुम्हीच म्हणालात ना, हरव म्हणून?" ताई म्हणाली.

"हरव म्हटलं होतं. एवढं नाही."

सोमवारी इस्त्रीवाल्याची पाळी बॉयलरवर लागली. भाऊजींनी कारणं सांगितली: तिथं जुना माणूस हवा, कामाचा ताण आहे, वरूनच तसं आलंय. खरं असतं तर एक कारण पुरलं असतं. पण स्वतःला त्यांनी ती तिन्ही पटवली असावीत, कारण दुपारी ते खुशीत बोर्डाशी येऊन बसले आणि बॉयलरच्या दारात डबा खाणाऱ्या मित्राला त्यांनी हाक मारली, "ये रे, एक डाव होऊन जाऊ दे!"

इस्त्रीवाला उठला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

"येतो की साहेब. फक्त तुम्हाला हरायचंय की जिंकायचंय, तेवढं आधी सांगा."

भाऊजी विचार करू लागले. मी सोंगट्या मांडल्या, मावशींचा चहा पिऊन झाला, तरी ते विचारच करत होते.