दांड्याशिवाय गेलेली गाडी

लोणावळ्यापासून वाडीपर्यंतची साडेपाच मैलांची ती छोटी गाडी एकोणीसशे तेरा साली धरणाच्या कामासाठी सुरू झाली. धरण झालं, तरी गाडी राहिली. सकाळी दूधवाल्या आणि बंगल्यांवरचे गडी घेऊन जायची, दिवेलागणीला परत आणायची. रूळ एकच, इंजिनं दोन. टक्कर होऊ नये म्हणून एक लाकडी दांडा होता. तो ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्याचीच गाडी हलायची. वाडीच्या टोकाला तो दांडा द्यायचं काम नूरमहंमदकडे.

रुळांना जमिनी मिळाल्या त्याही त्याच्याच तोंडाकडे बघून. "गाडी कायमची ऱ्हानार, सायबानं शब्द दिलाय," असं सांगत तो घरोघर फिरला होता.

चौदा वर्षांनी कंपनीचा हुकूम आला : लाइन बंद, रूळ उचला.

चावडीवर नूरमहंमद गरजला, "दांडा मी देत न्हाई. दांड्याबिगर गाडी सरकत न्हाई, अन् गाडी सरकल्याबिगर रूळ निघत न्हाईत. काय हौशीराम?"

हौशीराम ड्रायव्हर वाडीचाच. दांडा हातात आल्याशिवाय त्याने कधी चाक हलवलं नव्हतं.

"व्हय तर," तो म्हणाला.

दोन दिवसांनी सकाळी नूरमहंमद दांडा मांडीवर घेऊन बाकावर बसला. मागे सगळी वाडी. हौशीरामने दांड्यासाठी हात पुढे केलाच नाही. शिटी दिली आणि गाडी सोडली. डबे चार हात पुढे गेले, तशी रूळ उचलायला आलेल्या गँगवाल्यांनी मागच्या रुळाला पहार लावली.

"हौशा, दांडा!"

"आता समोरनं कोन येनार, नूरभाऊ? दुसरं इंजिन कालच थंड केलंय."

"आबा, मुसळ करा त्याचं!" एक गँगवाला हसला.

नूरमहंमद इंजिनाबरोबर चालू लागला. "लाइन बंद व्हनार त्ये तुला कवा कळलं रं?"

"शिमग्याला." हौशीरामचा आवाज उतरला. "मला खंडाळ्याला घेत्यात. घाटातल्या गाडीवर."

शिमग्याला दोन महिने झाले होते. तेव्हापासून रोज दुपारी दोघांनी एकाच फडक्यातली भाकरी खाल्ली होती.

नूरमहंमद थांबला. मागे विठाबाई दुधाची चरवी घेऊन उभी होती. तिचं अर्धं खाचर रुळांखाली गेलं होतं.

"सायबानं फशिवलं, विठाबाई."

"सायबाला आमी कवा बगितला?" ती म्हणाली. "आमी जमीन तुला दिली, नूरभाऊ."